थाई धर्तीचे वसंतातील भाज्यांचे सॅलड आणि संत्र्याच्या सालीचा कुरकुरीत साज

थाई सॅलडमध्ये तेल जवळजवळ नसते, दही नसते आणि फोडणी तर नसतेच. लिंबाचा रस, गूळ, खारट सॉस आणि मिरची यांचे पातळ पण तीव्र मिश्रण कच्च्या किंवा जेमतेम उकडलेल्या भाज्यांवर घालायचे, हाताने कालवायचे आणि लगेच वाढायचे, एवढाच त्याचा सांगाडा. अशा कालवून केलेल्या पदार्थांना थायलंडमध्ये ‘यम’ म्हणतात, तर खलात ठेचून केलेल्यांना ‘तम’. कच्च्या पपईचे जगभर गाजलेले ‘सोम तम’ या दुसऱ्या घराण्यातले असून त्याचे मूळ त्या देशाच्या ईशान्येकडील ईसान प्रदेशाशी आणि शेजारच्या लाओसशी जोडलेले आहे. येथे दिलेली कृती पहिल्या घराण्याला जवळची आहे. ती अस्सल थाई आहे असा दावा नाही; ठाण्यात किंवा नवी मुंबईत फाल्गुन-चैत्रात जे सहज मिळते त्यातून तो आंबट-गोड-खारट-तिखट तोल साधणे, इतकाच तिचा हेतू आहे.

हे सॅलड बिघडते ते बहुतेक वेळा चवीमुळे नव्हे, तर पाण्यामुळे. ड्रेसिंगमध्ये तेल नसल्याने ते आधीच पातळ असते. भाजी ओली असेल तर ते तिच्यावरून घसरून तळाशी जाते आणि तिथे फिके होऊन बसते. शिवाय मीठ आणि गूळ भाजीच्या आतले पाणीही बाहेर ओढतात. कोशिंबिरीत असे सुटलेले पाणी दही किंवा दाण्याचे कूट सामावून घेते, येथे ती सोय फारशी नाही. त्यात आपली खाडीकाठची हवा. होळी उलटली की ठाण्यापासून बेलापूरपर्यंत दमटपणा जाणवू लागतो आणि तळून उघडी ठेवलेली कोणतीही वस्तू बघता बघता नरम पडते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर भाजीत, सालीत आणि वाडग्यात पाणी कुठून शिरते आहे हे पाहत राहावे. बाकीचे कौशल्य त्यामानाने सोपे आहे.

बाजारहाट

चार जणांसाठी चवळीच्या कोवळ्या शेंगा १५० ग्रॅम, मटारचे दाणे १०० ग्रॅम, मोड आलेले मूग १०० ग्रॅम, दोन काकड्या, एक मोठे गाजर, एक कोवळा मुळा, एक लहान कैरी आणि एक पांढरा कांदा घ्यावा. पुदिन्याची आणि कोथिंबिरीची एकेक जुडी लागेल. यांखेरीज दोन संत्री, चार-पाच लिंबे, मूठभर सांबार कांदे, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे आणि दोन टेबलस्पून तांदूळ जवळ ठेवावेत.

यातल्या चवळीच्या शेंगांना पर्याय शोधू नये. सोम तममध्ये जी लांब शेंग घालतात ती चवळीच्याच कुळातली आहे, त्यामुळे परदेशी वाटणाऱ्या या पदार्थात आपल्या मंडईतली ही साधी भाजी सर्वांत अस्सल ठरते. शेंग वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. आत दाणे भरून साल पोकळ झालेली शेंग उसळीसाठी ठेवावी. मटार हंगामाच्या शेवटाला आलेला असतो आणि मार्च सरता सरता पिठूळ होतो. तसा निघाला तर तो वगळून चवळीच्या शेंगा वाढवाव्यात. अॅस्परागस मोठ्या दुकानांत मिळतो, पण त्याच्या किमतीइतकी भर तो या सॅलडमध्ये घालत नाही.

अलिबागचा पांढरा कांदा याच दिवसांत माळा करून विकायला येतो. तो गोडसर आणि कमी उग्र असल्याने कच्चा खायला लाल कांद्यापेक्षा कितीतरी बरा. कैरी ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा येऊरच्या पाड्यांवरून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांकडे मिळते. ती कडक, आतून पांढरी आणि कोय न धरलेली असावी. संत्र्यांच्या बाबतीत हा हंगाम अनुकूल आहे, कारण मृग बहराची नागपुरी संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतात. आयात केलेल्या चकचकीत संत्र्यांवर मेणाचा थर असू शकतो. येथे साल खायची असल्यामुळे देशी, थोडी खडबडीत फळे घ्यावीत आणि कोमट पाण्यात चोळून धुवावीत.

गवती चहा प्रत्येक भाजीवाल्याकडे असतो, मात्र तो बहुधा नुसत्या पात्यांचा. सॅलडमध्ये लागतो तो बुंध्याचा पांढरा, मऊ भाग. तो हवा असेल तर परदेशी भाज्या ठेवणाऱ्या विक्रेत्याकडे चौकशी करावी. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून असा माल शहरातल्या दुकानांत येतो. तिथेच थाई स्वयंपाकातल्या मकरूट या सुगंधी लिंबाची जोडपाने मिळाल्यास दहा-बारा घ्यावीत. न मिळाल्यास घरच्या किंवा सोसायटीतल्या लिंबाच्या झाडाची कोवळी पाने चालतात. त्यांचा वास मंद असतो, पण दिशा तीच असते.

साजाची पूर्वतयारी

कामाची सुरुवात सालीपासून करावी, कारण तिला वाळायला सर्वांत जास्त वेळ लागतो. संत्री सोलून सालीचे मोठे तुकडे पाटावर आतली बाजू वर करून ठेवावेत आणि चमच्याच्या धारेने पांढरा भाग खरवडून काढावा. कडूपणा मुख्यतः याच भागात असतो, आणि स्पंजासारखा असल्याने तो पाणीही धरून ठेवतो. म्हणजे तो राहिला तर पट्ट्या कडूही लागतात आणि कुरकुरीतही होत नाहीत. मग सालीच्या दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. फार बारीक कापल्यास त्या जळतात.

पट्ट्या गार पाण्यात घालून उकळी आणावी, एक मिनिट उकळून पाणी फेकून द्यावे आणि हेच पुन्हा एकदा करावे. चाखून पाहिल्यावर कडूपणा जिभेवर रेंगाळत असेल तर तिसरे पाणी द्यावे. नंतर पट्ट्या निथळून सुती कापडावर एकमेकींना न चिकटता पसरून पंख्याखाली किमान अर्धा तास ठेवाव्यात. हाताला दमट लागत असतील तर आणखी थांबावे. या टप्प्यावर घाई केली तर पीठ चिकट होऊन गोळे बनतात आणि नंतर कितीही तळले तरी ते सुधारत नाहीत.

भाज्या

सर्व भाज्या वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात आणि कच्च्या खायच्या भाज्यांना शेवटचे पाणी पिण्याचे द्यावे. पुदिना आणि कोथिंबीर आधी धुऊन कापडात गुंडाळून ठेवल्यास बाकीचे काम होईतो कोरडी होतात. कोथिंबिरीची मुळे मात्र टाकू नयेत. आपल्याकडे जुडी मुळांसकट मिळते आणि आपण ती कापून कचऱ्यात घालतो. थाई स्वयंपाकात हीच मुळे लसूण आणि मिरीबरोबर वाटून मसाल्याचा पाया केला जातो. तीन-चार मुळे माती जाईपर्यंत घासून बाजूला ठेवावीत.

पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळ उकळून त्यात एक टेबलस्पून मीठ घालावे. चवळीच्या शेंगांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दीड मिनिट, मटार एक ते दोन मिनिटे आणि मोडाचे मूग अर्धे मिनिट असे वेगवेगळे उकळून काढावेत. मोडांना ही उकळी चुकवू नये, कारण कच्च्या मोडांत जंतू सहज वाढतात. घरात गरोदर स्त्री, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर मोड पूर्ण वाफवूनच घालावेत. उकळलेली भाजी लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी. नळाच्या पाण्याखाली धरून भागत नाही, कारण या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी कोमटच येते आणि भाजी आतून शिजत राहते. गार झाल्याबरोबर ती बाहेर काढावी. बर्फाच्या पाण्यात विसरलेली शेंग पाणी पिऊन बेचव होते.

काकडीच्या उभ्या चार फाका करून मधला बियांचा गाभा काढून टाकावा. काकडीचे सुटणारे पाणी मुख्यतः त्या गाभ्यातूनच येते. उरलेल्या फाकांचे तिरके काप करावेत आणि त्यांना आधी मीठ लावून ठेवू नये. गाजर, मुळा आणि कैरी किसणीवर बारीक किसल्यास रस सुटून लगदा होतो, म्हणून सुरीने किंवा सालकाढणीने लांब पट्ट्या काढून मग त्यांच्या काड्या कराव्यात. पांढरा कांदा पातळ उभा चिरावा. हे सर्व ताटात पसरून, न झाकता, फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजची कोरडी थंडी पृष्ठभागावरचे उरलेले पाणी ओढून घेते.

ड्रेसिंग

खलबत्त्यात लसणीच्या तीन पाकळ्या, कोथिंबिरीची मुळे, चार-पाच मिरीदाणे आणि दोन ते चार ताज्या लवंगी मिरच्या चिमूटभर मिठाबरोबर ठेचाव्यात. मिक्सरमध्ये याची गुळगुळीत पेस्ट होते आणि मिरचीचा तिखटपणा सगळीकडे सारखा पसरतो. ठेचल्याने तो ठिकठिकाणी लागतो, आणि या पदार्थात तीच गंमत आहे. गवती चहाचा बुंधा मिळाला असल्यास त्याचा आतला मऊ भाग अगदी पातळ चकत्या करून याच वेळी घालावा.

त्यात दोन टेबलस्पून किसलेला गूळ घालून पुन्हा ठेचावे. थायलंडमध्ये ताडाची किंवा माडाची साखर वापरतात, तिची जागा पिवळा कोल्हापुरी गूळ चांगली घेतो. काळपट गूळ मात्र टाळावा, त्याची खमंग चव लिंबावर कुरघोडी करते. मग तीन टेबलस्पून लिंबाचा रस, एक टेबलस्पून चिंचेचा घट्ट कोळ आणि दीड टेबलस्पून हलका सोया सॉस घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नये, सालीतला कडवट अर्क उतरतो. रस काढून तासन्‌तास ठेवला तरीही चव बिघडते, म्हणून लिंबे याच वेळी कापावीत. चैत्रात लिंबाचा भाव चढलेला असतो आणि फळ लहान, कोरडे निघते. तेव्हा रसाचे माप चमच्याने घ्यावे, लिंबांच्या संख्येवरून नव्हे.

मूळ कृतीत सोया सॉसऐवजी फिश सॉस असतो आणि मांसाहारी घरात दोन टेबलस्पून फिश सॉस घालून मीठ वगळावे. शाकाहारी पर्याय म्हणजे तडजोड आहे असे समजण्याचे कारण नाही. थायलंडमध्येच, विशेषतः फुकेतला, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस शाकाहार पाळण्याचा मोठा उत्सव असतो आणि त्या काळात लसूण-कांदाही वर्ज्य असतो. चैत्री नवरात्रात कांदा-लसूण न खाणाऱ्यांनीही हीच वाट धरावी: लसणीऐवजी आल्याचा छोटा तुकडा आणि चिमूटभर हिंग पुरेसे होते.

चव चमच्याने घेऊ नये. काकडीचा एक काप बुडवून खावा. नुसते चाखल्यावर ड्रेसिंग जरा अतीच आंबट-खारट वाटले पाहिजे, कारण भाज्यांमध्ये गेल्यावर ते सौम्य होणार आहे. कैरी फार आंबट निघाली तर लिंबू अर्ध्या चमच्याने कमी करावे, गूळ वाढवत बसू नये. गूळ वाढवला की मग मीठ कमी पडते, मीठ वाढवले की मिरची, आणि शेवटी दुप्पट ड्रेसिंग होऊन बसते.

तळण आणि भाजणे

कढईत २५० मिली शेंगदाण्याचे तेल घेऊन ते १५० ते १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तापमापक नसेल तर लाकडी चमच्याचे टोक बुडवावे. त्याभोवती बारीक बुडबुडे शांतपणे उठू लागले की तेल तयार आहे. तळण्याचा क्रम पाने, कांदा आणि शेवटी पिठात घोळलेली साल असाच ठेवावा, कारण पीठ तेलात गळून करपते आणि नंतरच्या वस्तूंना त्याचा वास लागतो.

लिंबाची पाने पूर्ण कोरडी करून, मधली शीर काढून, थोडी थोडी सोडावीत. ती जोरात तडतडतात, म्हणून झाकण हाताशी असावे. दहा-पंधरा सेकंदांत तडतड थांबते, म्हणजे पानातले पाणी संपले. त्याच क्षणी पाने काढावीत. इथे कढीपत्ता घालण्याचा मोह होतो. घालू नये, सगळा पदार्थ चिवड्याच्या वळणावर जातो. सांबार कांद्याच्या एकसारख्या पातळ चकत्या मंद आचेवर ढवळत तळाव्यात आणि फिकट सोनेरी रंग येताच काढाव्यात. बाहेर काढल्यावरही त्यांचा रंग आणखी एक छटा गडद होतो. या टप्प्यावर कांद्याचा वास लागलेले एक चमचा तेल वेगळे काढून ठेवावे.

आता दोन टेबलस्पून तांदळाचे पीठ, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर मीठ एकत्र करून त्यात सालीच्या पट्ट्या घोळवाव्यात व चाळणीत घालून जादा पीठ झटकावे. नुसते कॉर्नफ्लोअर लवकर मऊ पडते, तांदळाचे पीठ त्यापेक्षा जास्त वेळ कडक राहते. तेल साधारण १६५ अंशांवर आणून पट्ट्या दोन-तीन हप्त्यांत, प्रत्येकी दोन ते तीन मिनिटे तळाव्यात. बुडबुडे विरळ होत जातात तसतसे सालीतले पाणी संपत असते. ते जवळजवळ थांबले आणि कडा सोनेरी झाल्या की झाऱ्याने काढून स्टीलच्या चाळणीत पसरावे. टिपकागदावर ढीग करून ठेवल्यास खालची वाफ कोंडून तळचा थर नरम होतो. गरम असतानाच थोडे मीठ, पिठीसाखर आणि लाल तिखट भुरभुरावे. पूर्ण गार झाल्यावर मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. कोमट भरल्यास झाकणाला पाणी धरते आणि सारी मेहनत वाया जाते. एअर फ्रायरमध्ये या पट्ट्या वाळतात, पण चिवट राहतात.

बऱ्याच चित्रांत अख्ख्या लिंबाच्या तळलेल्या चकत्या दिसतात. दिसायला त्या सुंदर असतात, परंतु गरात रस असल्याने बाहेरून करपेपर्यंत आतून ओल्याच राहतात आणि पांढऱ्या सालीचा कडूपणाही तसाच असतो. माझ्या मते साल तळणेच योग्य, गर ताजा खावा.

शेवटी, दोन टेबलस्पून तांदूळ कोरड्या तव्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे, बदामी रंगापलीकडे जाईपर्यंत भाजावे आणि खलात भरड कुटावे. ईसानमध्ये हा भाजक्या तांदळाचा चुरा चिकट तांदळापासून करतात आणि ‘लाप’ नावाच्या खिम्याच्या सॅलडमध्ये घालतात. आपल्याकडे इंद्रायणी चालतो. त्याचा उपयोग केवळ खमंगपणासाठी नाही: भाज्यांतून उशिरा सुटणारे पाणी तो शोषून घेतो. चुरा रव्याइतका असावा. पीठ केल्यास चिकटा होतो आणि दाणे मोठे राहिल्यास दाताखाली येतात.

जुळवणी

पाहुणे पानावर बसल्यानंतरच हे काम हाती घ्यावे. मोठ्या, कोरड्या परातीत चवळीच्या शेंगा, गाजर, मुळा आणि कैरी एकत्र करून त्यांवर अर्धे ड्रेसिंग घालावे आणि बोटांनी हलकेच दाबत, शेंगा किंचित चुरडतील अशा बेताने कालवावे. खलबत्त्याच्या दगडी बत्त्याने भाजी ठेचू नये. थायलंडमधील लाकडी मुसळ भाजीला फक्त ठोकरते, दगड तिचा चेंदा करतो. त्यानंतर मटार, मोड, काकडी, कांदा, वेगळे काढलेले कांद्याचे तेल आणि हाताने तोडलेली पुदिना-कोथिंबीर घालून उरलेले ड्रेसिंग लागेल तेवढेच घालावे. तळाशी एखादा चमचा रस दिसला की थांबावे. आम्लामुळे शेंगांचा हिरवा रंग थोड्याच वेळात शेवाळी पडू लागतो, हेही घाई करण्याचे एक कारण आहे.

सॅलड पसरट ताटलीत काढावे, खोल वाडग्यात नव्हे. वरून भरड कुटलेले शेंगदाणे आणि तांदळाचा चुरा पेरावा. सोललेल्या संत्र्यांच्या फोडींची पातळ त्वचा काढून त्या अलगद मांडाव्यात. या कालवल्या तर फुटून रस सोडतात. सर्वांत शेवटी तळलेली साल, पाने आणि कांदा घालावा, आणि त्यातलाही अर्धा डबा टेबलावरच ठेवावा, म्हणजे ज्याला हवे त्याला ताजा कुरकुरीतपणा दुसऱ्यांदा घेता येतो.

मांसाहारी घरांसाठी एक बदल सुचवण्याजोगा आहे. थाई कृतींत सुकवलेली छोटी कोळंबी सर्रास असते आणि आपले सोडे तिच्या अगदी जवळचे आहेत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात ते चांगले मिळतात. दोन टेबलस्पून सोडे झटपट धुऊन, टिपून, मंद आचेवर कोरडे होईपर्यंत भाजावेत आणि लसणीबरोबर खलात ठेचावेत. सोड्यांत मीठ असते, त्यामुळे सॉस एक चमचा कमी करून चव पाहावी.

हे सॅलड गरम मऊ भाताबरोबर किंवा तव्यावर परतलेल्या पनीर, टोफू अथवा कोळंबीबरोबर जेवण म्हणून पुरते. कालवलेले सॅलड उरल्यास ते पुन्हा वाढण्यासारखे राहत नाही. मात्र न कालवलेल्या भाज्या झाकून दुसऱ्या दिवशीपर्यंत फ्रिजमध्ये टिकतात, सालीचा डबा बंद राहिला तर तीन-चार दिवस चालतो, आणि तळलेले तेल गाळून घेतल्यास त्याला संत्र्याचा वास लागलेला असल्याने ते थालीपीठाला लावायला उत्तम असते.